"शुद्धीत असते तर हे झालंच नसतं"

पत्र थोडक्यात, ओळख लपवून:

लिहिणारी २६ वर्षांची आहे. मूळ सातारा जिल्ह्यातली, पुण्यात आयटीत नोकरी, बाणेरला मैत्रिणींसोबत भाड्याने राहते. बारा दिवसांपूर्वी एका कलीगच्या फ्लॅटवर पार्टी होती, आणि गेले काही महिने ज्याच्याशी तिचं चॅटिंग चालू होतं तो मुलगाही तिथे होता. साडेआठला सुरुवात झाली. तिने स्ट्राँग बिअरची एक मोठी बाटली घेतली, मग व्होडकाचे दोन पेग, "कदाचित तीन". साडेबाराच्या सुमारास दोघं आतल्या खोलीत गेले. तिच्या पर्समध्ये कंडोम होता, ती नेहमी ठेवते, पण पर्स बाहेर हॉलमध्ये खुर्चीला अडकवलेली. ती एकदा म्हणाली, "थांब, प्रोटेक्शन." तो म्हणाला, "अगं मी क्लीन आहे, आणि मी वेळेवर बाहेर काढेन ना." मग ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मेडिकलमधून इमर्जन्सी गोळी आणून घेतली. पाळी अजून यायची आहे.

ती लिहिते: "ताई, जबरदस्ती नव्हती, मलाही हवं होतं. पण शुद्धीत असते तर मी कंडोमशिवाय तयार झालेच नसते, याआधी कधी झाले नाहीये. रूममेट म्हणते गोळी घेतलीस ना, विषय संपला. मला झोप लागत नाही. प्यायल्यावर जी बाहेर आली तीच खरी मी आहे का? माझ्या कॅरेक्टरमध्येच प्रॉब्लेम आहे का? मी दारू पूर्ण सोडू का? आणि आता त्याच्याशी बोलायचं तरी काय?"

उत्तर:

आधी तब्येतीचं बोलू. मनाचं थोडं थांबून बोललं तरी चालतं, शरीराच्या गोष्टींना मात्र तारखा असतात.

गोळी तू दुसऱ्याच दिवशी घेतलीस ते फार बरं केलंस. आयपिल म्हणा नाहीतर अनवाँटेड ७२ म्हणा, आत औषध एकच, लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, आणि ते मुख्यतः अंडं बाहेर पडणं पुढे ढकलतं, म्हणून ७२ तासांच्या आत आणि त्यातही जितकी लवकर घेशील तितकी चांगली. पण अंडं आधीच बाहेर पडलेलं असेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही, त्यामुळे पूर्ण खात्री ती देत नाही. एक विचारायचंय, गोळी घेतल्यावर उलटी झाली होती का? हँगओव्हरमध्ये बऱ्याच जणींना होते, आणि गोळीनंतर दोन-तीन तासांच्या आत झाली तर गोळी परत घ्यावी लागते, पण त्या अवस्थेत पाकिटातला कागद कोण वाचतं. गोळीमुळे पाळी थोडी मागेपुढे होते, तेव्हा दोन दिवस उशीर झाला म्हणून लगेच घाबरू नकोस. आठवडाभर पुढे गेली, किंवा त्या रात्रीला तीन आठवडे झाले, की घरच्या किटवर सकाळच्या पहिल्या लघवीची टेस्ट कर. (ज्यांना हे त्याच दिवसांत वाचायला मिळतंय त्यांच्यासाठी: पाच दिवसांच्या आत डॉक्टरकडून कॉपर टी बसवून घेणं हा गोळीपेक्षाही खात्रीचा उपाय आहे, आणि ती पुढे काही वर्षं चालते.)

टेस्ट पॉझिटिव्ह आलीच तर मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घरी घेऊ नकोस, डॉक्टरकडे जा. गर्भपात आपल्याकडे कायदेशीर आहे, २०२१ च्या दुरुस्तीपासून गर्भनिरोधक फेल गेल्याचं कारण लग्न न झालेल्या बाईलाही लागू होतं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करता येणार नाही हेही सांगितलंय. सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते. आईवडिलांना बोलावून आण असं कोणी म्हणालं तर तसं कायद्यात नाही, हे तुला माहीत असू दे.

आता तुझ्या रूममेटचं. ती तुला धीर द्यायला म्हणाली असेल, पण विषय संपलेला नाहीये, कारण ती गोळी फक्त गर्भधारणेपुरती आहे, इन्फेक्शनवर तिचा शून्य परिणाम. एचआयव्हीसाठी पेप नावाचा औषधांचा कोर्स असतो, २८ दिवसांचा, पण तो ७२ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो, तुझी ती वेळ गेली. हे तुला घाबरवायला सांगत नाहीये, तुझ्यासारखीच एखादी रविवारी सकाळी डोकं धरून हे वाचत असेल तिला कळावं म्हणून सांगतेय की मेडिकलच्या दुकानावरच थांबू नकोस, डॉक्टरला किंवा सरकारी हॉस्पिटलच्या एआरटी सेंटरला (एचआयव्हीवरच्या उपचारांचं केंद्र) पेपबद्दल विचार. तुझ्यापुरतं बोलायचं तर देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे आणि समोरचा पॉझिटिव्ह असला तरी अशा एका वेळेत लागण होण्याची शक्यता हजारात एकाच्या आसपास असते. म्हणजे झोप उडवायची गरज नाही, टेस्ट मात्र करायची. सरकारी हॉस्पिटलांत आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशनाची आणि तपासणीची केंद्रं असतात, ससूनमध्येही आहे, तिथे एचआयव्हीची टेस्ट फुकट होते आणि रिपोर्ट गुप्त ठेवणं त्यांना कायद्यानेच बंधनकारक आहे. आधी फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा टोल फ्री नंबर आहे. एक टेस्ट आत्ता, एक सहा आठवड्यांनी आणि शेवटची तीन महिन्यांनी.

खरं सांगू का, मला एचआयव्हीपेक्षा क्लॅमिडिया आणि गनोरिया या संबंधांतूनच पसरणाऱ्या इन्फेक्शनची जास्त काळजी वाटते, कारण बायकांमध्ये ती बऱ्याचदा काहीच लक्षण दाखवत नाहीत, गुपचूप वर गर्भनलिकांपर्यंत जातात आणि मूल होण्यात अडचण आली की मग कळतं. वेळेत सापडली तर साध्या अँटिबायोटिकने बरी होतात. दोन आठवडे झाले की ही टेस्ट करता येते, म्हणजे तुझी वेळ आलीच आहे. मधेच वास येणारा स्राव, ओटीपोटात दुखणं, लघवीला जळजळ, पाळी नसताना रक्त, यातलं काही दिसलं तर थांबू नकोस. आणि गायनॅककडे गेल्यावर पहिला प्रश्न येतो "लग्न झालंय का?", तिथेच बहुतेक मुली अडखळतात, "नाही" म्हणतात आणि अंगावर पांढरं जातंय एवढंच सांगून गोळ्या घेऊन परत येतात. तू घरून वाक्य तयार करून जा: "मॅडम, मी अनमॅरीड आहे पण सेक्शुअली अ‍ॅक्टिव्ह आहे, दोन आठवड्यांपूर्वी कंडोमशिवाय संबंध आला, मला एसटीआयच्या (संबंधांतून होणाऱ्या इन्फेक्शनच्या) टेस्ट करायच्यात." जमत नसेल तर मोबाईलवर टाइप करून दाखव, चालतं तसं. हेपॅटायटिस बी आणि एचपीव्हीच्या लसी झाल्यात का तेही त्याच भेटीत विचारून घे.

आता तुझ्या त्या वाक्याकडे येते. शुद्धीत असते तर झालंच नसतं.

दारू माणसाच्या डोक्याचं नेमकं काय करते यावर क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये एक मांडणी केली, ती आजही धरली जाते. त्यांचं म्हणणं असं की दारू आतली कोणी लपलेली बाई बाहेर काढत नाही, ती लक्ष अरुंद करते. लाइट गेल्यावर मोबाईलचा टॉर्च लावला की समोरचं एवढंसं लख्ख दिसतं आणि बाकीची खोली असून नसल्यासारखी होते, तसं. त्या रात्री तुझ्या टॉर्चमध्ये काय होतं? तो, इतक्या महिन्यांचं चॅटिंग, आपण त्याला आवडतोय ही भावना, तुझी स्वतःची इच्छा. आणि बाहेर अंधारात काय राहिलं? पाळीची तारीख, टेस्टचे रिपोर्ट, आजची ही जागरणं. तुला हे माहीत नव्हतं असं नाही ना, "थांब, प्रोटेक्शन" म्हणालीच होतीस की तू! माहिती शाबूत होती. त्याने एक वाक्य टाकल्यावर परत एकदा म्हणायला जे लागतं तेवढं त्या वेळी हाताशी नव्हतं.

आणि कॅरेक्टरचं म्हणशील तर त्याचं उत्तर लॅबमध्ये मिळालेलं आहे. परदेशात असे बरेच प्रयोग झालेत: बायकांचे आणि पुरुषांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडायचे, एका गटाला मोजून दारू द्यायची, दुसऱ्याला नाही, आणि मग एक प्रसंग वाचायला देऊन विचारायचं, समोर आवडणारा माणूस आहे, कंडोम जवळ नाही, तुम्ही काय कराल? २०१२ मध्ये अशा १२ प्रयोगांचे निकाल एकत्र करून पाहिले तेव्हा रक्तातली दारू जसजशी वाढते तसतशी कंडोमशिवाय पुढे जायची तयारी वाढत जाते असं दिसलं. गट चिठ्ठ्यांनी पाडलेले होते हे यात सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे "पिणाऱ्या मुली असतातच तशा" हे आपल्या नातेवाईकांचं आवडतं स्पष्टीकरण इथे चालत नाही. दोन्हीकडे सारख्याच मुली, फक्त ग्लासात काय आहे ते वेगळं.

पण म्हणून सगळं दारूवर ढकलून मोकळं होता येत नाही. बायकांना रोजच्या रोज नोंदी ठेवायला सांगून जे अभ्यास झाले त्यांत चित्र एवढं सरळ येत नाही, प्यायलेल्या रात्रीही कंडोम वापरणाऱ्या बायका भरपूर आहेत. दुसरं असं की दारू घेतली असं नुसतं वाटलं तरी माणसं बदलतात, तेही लॅबमध्ये बघितलंय, नुसतं टॉनिक वॉटर देऊन व्होडका आहे म्हणून सांगायचं. म्हणजे ग्लासाबरोबर एक परवानगीही येते. आपल्याकडे मुलीने शुद्धीत, सरळ नजरेने "मला तू हवा आहेस" म्हणायला जागाच नाही, तिला ते प्यायल्यावर म्हणावं लागतं, म्हणजे उद्या "प्यायले होते" म्हणता येतं. तुझ्या बाबतीत असंच झालं असं मी म्हणत नाहीये, ते तूच बघ. पण हा प्रश्न स्वतःला विचार: न पिता त्याच्यासोबत त्या खोलीत असतीस तर "कंडोम आण, त्याशिवाय नाही" हे त्याने एकदा टाळल्यावर परत म्हणायला जमलं असतं? नसतं जमलं तर दारू सोडूनही हा प्रश्न तुझ्याबरोबर राहणार.

त्याच्या वाक्याकडेही बघू, कारण तुझ्या पत्रात प्रश्न सगळे स्वतःबद्दलचे आहेत, त्याने कंडोम का नाही आणला हा एकही नाही. "मी क्लीन आहे" म्हणजे काय? टेस्ट केली होती? कधी? त्यानंतर कोणाबरोबर होता? बहुतेक वेळा याचा अर्थ एवढाच असतो की मला काही त्रास होत नाहीये. आपण विश्वास ठेवतो कारण मुलगा ओळखीचा आहे, चांगल्या घरातला आहे, "तसा वाटत नाही". इन्फेक्शन चेहऱ्यावर दिसत नाही गं. ही गल्लत आपण शुद्धीतही करतो, लग्नं सुद्धा याच भरवशावर होतात, दारूने फक्त ती झटकन होते. आणि बाहेर काढण्याचं म्हणशील तर ज्या जोडप्यांची भिस्त तेवढ्यावरच असते त्यांच्यातल्या शंभरातल्या साधारण वीस जणींना वर्षभरात दिवस जातात, आणि इन्फेक्शनपासून त्याने जवळपास काही संरक्षण मिळत नाही.

जबरदस्ती नव्हती असं तू लिहिलंस, ते मी मानते, तुझा अनुभव तुला माहीत. पण हे वाचणाऱ्या एखादीला मधलं काही आठवतच नसेल, किंवा उभंही राहता येत नसताना तिच्याशी हे झालं असेल, तर ती वेगळी गोष्ट आहे. नशेमुळे जिला आपण कशाला होकार देतोय हेच कळत नव्हतं तिचा "हो" कायदा होकार मानत नाही, आधी आयपीसीत तसं होतं आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही आहे. आपण प्यायलो होतो म्हणून तक्रार करायचा हक्क जात नाही. अशा वेळी सरकारी काय किंवा खाजगी काय, कुठल्याही हॉस्पिटलला फुकट उपचार द्यावेच लागतात. १८१ ही महिलांची हेल्पलाइन, आणि लगेच मदत हवी असेल तर ११२.

किती प्यायलीस याचा हिशोब मांडू, कारण तुला वाटतंय त्यापेक्षा ते खूप जास्त आहे. तीस मिलीच्या छोट्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली ८ टक्क्यांची असेल तर तिच्यात ४१ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे "एक बिअर" हे चार छोटे पेग झाले. त्यावर व्होडका, आणि घरच्या पार्टीत पेग मापाने कोण ओततं, ६० मिलीचा धरला तरी दोन-तीन पेगांचे चार ते सहा. आठ ते दहा छोटे पेग, चार तासांत. लिव्हर तासाला जेमतेम एक छोटा पेग निस्तरतं, कॉफीने, लिंबूपाण्याने किंवा गार पाण्याच्या आंघोळीने त्याचा वेग वाढत नाही. आपल्या शरीरात पुरुषांपेक्षा पाण्याचा अंश कमी, त्यामुळे त्याच्याएवढंच वजन असलं आणि त्याच्याएवढीच घेतली तरी आपल्या रक्तात ती जास्त चढते. आणि आपल्याला किती चढलीय याचा अंदाजच मुळात आधी बिघडतो, म्हणून साडेबाराला "मी ओके आहे" वाटणं ही काही माहिती नव्हे.

मग सोडू का? आरोग्याचंच बघायचं तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय की दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित धरता येत नाही, तेव्हा सोडलीस तर नुकसान काहीच नाही. पण शिक्षा म्हणून सोडू नकोस, शिक्षा म्हणून सोडलेली गोष्ट चार महिन्यांनी परत येते आणि येताना अपराधी भावना घेऊन येते. आधी खरं खरं बघ: दोनवर थांबायचं ठरवून थांबता येतं का? मधले तुकडे आठवत नाहीत असं होतं का? टेन्शन आलं की एकटीने घेतेस का? यातल्या एकालाही "हो" असेल तर बोल कोणाशी तरी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीतही बोलता येतं, आणि पुण्यातच मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग आहे. बायकांच्या पिण्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलतच नाही, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) दारू पिते म्हणणाऱ्या बायका १.३ टक्के निघाल्या, घरातली माणसं आसपास असताना किती जणींनी खरं सांगितलं असेल ही मला शंकाच आहे. ज्या सांगत नाहीत त्यांना मदतही पोचत नाही.

आणि पीत राहणार असशील तर कंडोमचा निर्णय रात्री साडेबाराच्या तुझ्यावर सोडू नकोस. तो पहिल्या घोटाच्या आधी झालेला असू दे, आणि मनातल्या मनात नको, समोरच्याला सांगितलेला असू दे. दुपारीच मेसेज टाक, "आज भेटतोय, काही झालंच तर कंडोमशिवाय नाही, तूही आण." लाज वाटेल, वाटू दे, दुपारी दोनला वाटणारी लाज फार तर पाच मिनिटांची असते. कंडोम पर्समध्ये ठेवतेस ते छानच, पण पर्स खुर्चीला राहते, जीन्सचा खिसा तुझ्याबरोबर येतो, पार्टीपुरते दोन कंडोम खिशात राहिले तर काही बिघडत नाही, एक्सपायरी तेवढी बघून ठेव. नसेलच जवळ तर काय, तेही आधीच ठरव: मिठ्या, चुंबनं, बाकी सगळं चालेल, संभोग आज नाही. प्यायलेल्या डोक्याला नवा विचार करता येत नाही, आधी पाठ केलेलं एखादं वाक्य मात्र म्हणता येतं, म्हणून वाक्य छोटं ठेव. "नसेल तर नाही." पोटात काहीतरी घालून मग पी, स्ट्राँग बिअर आणि व्होडका एका रात्रीत नको. गर्भधारणेची भीती कायमची कमी करायची असेल तर रोजची गोळी किंवा कॉपर टीबद्दल डॉक्टरला विचार, इन्फेक्शनसाठी कंडोम तरीही लागणारच.

त्याच्याशी बोल, आणि शुद्धीत, दिवसा. भांडायला नको, माफी मागायला तर मुळीच नको. "त्या रात्री आपण कंडोम वापरला नाही, मी टेस्ट करतेय, तूही कर, रिपोर्ट एकमेकांना दाखवू, पुढे भेटायचं असेल तर कंडोमशिवाय नाही" एवढं पुरे. "माझ्यावर विश्वास नाही का" म्हणून तो चिडला तर त्यातून तुला त्याच्याबद्दल बरंच कळेल, आणि गप्पपणे टेस्ट करून आला तर त्यातूनही.

"खरी मी कोण" हे विचारलंस त्याचं मला इतकंच म्हणायचंय की नेहमी पर्समध्ये कंडोम ठेवणारी तूच, दुसऱ्या दिवशी हँगओव्हर घेऊन मेडिकलपर्यंत गेलेली तूच, आणि त्या खोलीत गप्प बसलेलीही तूच. एकीला खरी ठरवून बाकीच्यांना खोटं पाडू नकोस.

या आठवड्यात टेस्टचं उरकून घे, जाताना रूममेटला सोबत ने, तिलाही हे सगळं कळायला हवंय. पाळीचं काय झालं ते मला कळव, आणि डॉक्टर धड बोलल्या नाहीत तर तेही कळव, दुसऱ्या डॉक्टर शोधू.